पोरांनी गाणं तर केलं, आता जोडायचं कसं?

मैत्रिणींनो, स्नेहसंमेलनाचे दिवस जवळ आले की पूर्वी घरात मागण्या कशा असायच्या? "आई, कोळीण व्हायचंय, तुझी हिरवी साडी दे." "आई, मावळा व्हायचंय, आजोबांचं धोतर काढ." एक इस्त्री फिरवली, दोन टाके घातले, की आपण मोकळ्या. आता आठवी-नववीतलं पोर दप्तर टाकता टाकता सांगतं, "आमच्या वर्गानं गाण्याचा व्हिडीओ केलाय. फक्त एडिट करायचा राहिलाय." हा 'फक्त' फार फसवा असतो, बरं का! मुलगा बघून ठेवलाय, फक्त लग्न ठरायचं राहिलंय, असं म्हणण्यासारखंच ते.

चित्रण करताना मजा येते. सगळे हौसेनं नटतात, हसतात, नाचतात. मग ध्यानात येतं, की गाणं आहे चार मिनिटांचं आणि चित्रण झालंय दीड-दोन तासांचं. तेही पाच जणांच्या फोनांत विखुरलेलं. आणि ज्या प्रोग्रॅमवर हे जोडायचं, तो उघडला की पडद्यावर बटणंच बटणं. मुलं पंधरा मिनिटं खटपट करतात, एकमेकांवर डाफरतात, आणि मग हाक येते. शाळेत असली तर "बाई, तुम्हीच बघा ना," आणि घरी असली तर "आई, तू बघ ना."

मी रत्नागिरीजवळ मिरजोळ्याला राहते. घर सांभाळून एका शाळेत अर्धवेळ मराठी शिकवते. संगणकाशी माझा संबंध प्रश्नपत्रिका आणि निकालपत्रकं एवढ्यापुरताच. त्यामुळे यंदा नववीच्या मुलामुलींनी सड्यावर जाखडीच्या चालीचं गाणं चित्रित केलं आणि ते जोडायची वेळ आली, तेव्हा मीही त्यांच्याइतकीच कोरी पाटी होते. पण आठ संध्याकाळी बसून आम्ही ते तडीला नेलं. त्यातलं तुमच्या उपयोगी पडेल ते आज सांगते. या सदरात आपण मुरांब्यापासून मुलांच्या हट्टापर्यंत पुष्कळ बोललो आहोत. हेही घरकामातच धरा.

आणि "हे काही आपल्या बायकांचं काम नव्हे" असं कुणी मनात आणणार असेल, तर तिला आधी सरस्वतीबाई फाळक्यांची गोष्ट सांगायला हवी. दादासाहेब फाळके १९१२ साली विलायतेहून कॅमेरा घेऊन आले आणि दादरच्या राहत्या घरात त्यांनी 'राजा हरिश्चंद्र'चं काम मांडलं. तो चित्रपट ३ मे १९१३ ला गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये लागला. पडद्यावर काम करायला तेव्हा बाई मिळाली नाही. तारामती झाले ते अण्णा साळुंके नावाचे, खानावळीत काम करणारे गृहस्थ! पण पडद्यामागं बाई होतीच. तेव्हा कच्च्या फिल्मला कडेची भोकं घरीच पाडावी लागत. सरस्वतीबाई दिवसभर मंडळींचं जेवणखाण बघायच्या आणि रात्री अंधाऱ्या खोलीत बसून ती भोकं पाडायच्या. फिल्म धुण्याची रसायनं मिसळायलाही त्या शिकल्या. भांडवल कमी पडलं तेव्हा अंगावरचे दागिनेही त्यांनी काढून दिले. परेश मोकाशींच्या २००९ सालच्या 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'त हे सगळं मोठं गमतीनं दाखवलंय. मुलांबरोबर जरूर बघा. सांगायचं काय, तर त्या काळी घरात आलेलं ते यंत्र त्यांना जितकं परकं होतं, तितका हा प्रोग्रॅम आपल्याला खासच नाही.

पुढं पुण्याला प्रभात स्टुडिओच्या जागेत १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट निघाली. तिथून संकलन शिकून बाहेर पडलेल्या रेणू सलुजांनी 'जाने भी दो यारो', 'परिंदा' असे चित्रपट कापले, जोडले आणि संकलनाचा राष्ट्रीय पुरस्कार चार वेळा मिळवला. २००० साली त्या गेल्या. त्यांच्या वेळी काम खरोखरच कात्रीचं होतं, म्हणजे फिल्म हातानं कापायची नि चिकटपट्टीनं जोडायची. मोठ्या पडद्याच्या फिल्मवर सेकंदाला २४ चित्रं आणि एका फुटात १६, म्हणजे मिनिटाला ९० फूट. आपलं चार मिनिटांचं गाणं तेव्हा ३६० फुटांचं झालं असतं. वारात सांगायचं तर १२० वार, चक्क चोवीस पाचवारी साड्या! आणि त्याही जोडून झाल्यावरच्या. नको असलेलं कापून टाकलेलं कापड निराळंच.

आता पहिली धीराची गोष्ट सांगते. संगणकावर कापताना मूळ चित्रण कापलं जातच नाही. आपण ब्लाऊज बेतताना आधी वर्तमानपत्रावर कागद कापतो की नाही, तसंच हे. पडद्यावर दिसतो तो कागद. कापड कपाटात घडी घातलेलं सुरक्षित असतं. मुलं कापायला बिचकतात ती हे ठाऊक नसल्यामुळे. एकदा हे समजलं आणि कंट्रोल-झेड दाबलं की मागचं पाऊल परत घेता येतं हे कळलं, की हात सैल पडतो.

प्रोग्रॅम कुठला घ्यावा? फोनवरची फुकट अॅप्स सोपी असतात, पण पुष्कळशी कोपऱ्यात आपलं नाव छापतात आणि ते काढायचे पैसे मागतात. आम्ही शाळेच्या संगणकावर केडेनलाइव्ह नावाचा प्रोग्रॅम घेतला. तो फुकट आहे, जगभरच्या हौशी मंडळींनी मिळून वाढवलेला आहे आणि कुणाचाही शिक्का मारत नाही. शॉटकट नावाचा त्याचा एक भाऊ आहे, तोही चांगला. डाविंची रिझॉल्व्ह म्हणून एक आहे, त्याची फुकट आवृत्ती फार गुणाची, पण तिला संगणक दणकट लागतो. आमच्या शाळेतल्या यंत्राला ते झेपलं नसतं, म्हणून त्या वाटेला गेलोच नाही.

प्रोग्रॅम उघडण्याआधीच निम्मं काम असतं, आणि मुलं नेमकं तेच टाळतात. पाचही फोनांतलं चित्रण एका जागी आणायचं. ते व्हॉट्सअॅपवरून साध्या रीतीनं मागवू नका. तिथं ते पिळून निघतं, चित्र फिकट नि चौकटी-चौकटीचं होतं. केबल लावून उतरवा, नाहीतर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. जागा किती लागेल याचा अंदाज असू द्या. साध्या फुल एचडी चित्रणाला फोन मिनिटाला शंभर-सव्वाशे एमबी घेतो. दोन तासांचं झालं बारा-पंधरा जीबी. सगळं एकाच फोल्डरमध्ये ठेवायचं, आणि काम सुरू झाल्यावर त्या फोल्डरचं नाव बदलायचं नाही की जागा हलवायची नाही. कारण प्रोग्रॅम चित्रण आपल्या पोटात घेत नाही. ते कुठल्या फळीवर आहे एवढंच टिपून ठेवतो. आमच्याकडे एका हुशारानं तिसऱ्या दिवशी 'जरा नीटनेटकं' केलं आणि दुसऱ्या सकाळी सगळे तुकडे हरवल्याचा फलक झळकला! तुकडे जागच्या जागी होते, फळीच बदलली होती. फोल्डर पूर्ववत ठेवल्यावर सगळं ताळ्यावर आलं.

मग एका वहीत यादी. कुठल्या फोनचा कुठला तुकडा, त्यात काय आहे, चांगलं किती सेकंदापासून किती सेकंदांपर्यंत. मुलांना ही यादी म्हणजे शिक्षा वाटते. पण दोन संध्याकाळी वहीत घालवल्या, म्हणून पुढच्या सहा वाचल्या. आणि वाणसामानाची यादी केल्याशिवाय बाजारात जाऊ नये, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

प्रोग्रॅमच्या पडद्याचं म्हणाल, तर तो स्वयंपाकघरासारखा समजावा. एका कोपऱ्यात सामानाची फडताळं (त्याला प्रोजेक्ट बिन म्हणतात), वर चाखून बघायची जागा, म्हणजे मॉनिटर, आणि खाली लांबच लांब ओटा, ती टाइमलाइन. सामान फडताळातून काढायचं, चाखायचं, हवं तेवढं ओट्यावर मांडायचं. बाकीच्या शंभर बटणांकडे पहिल्या दिवशी बघायचंच नाही. स्पेस बार दाबला की चालू-बंद. एक्स म्हणजे कात्री, एस म्हणजे पुन्हा साधा हात. बाणाच्या कळीनं एकेक चित्र पुढं-मागं. कंट्रोल-एस म्हणजे जपून ठेवणं. पहिली संध्याकाळ एवढ्यावरच काढा, आणि तीही खऱ्या गाण्यावर नव्हे. अर्ध्या मिनिटाचा कुठलाही तुकडा घेऊन कापाकापी करू द्या. पहिलं घावन तव्याला चिकटायचंच, ते पाहुण्यांच्या ताटात कशाला वाढायचं?

कोकणात वीज कधी जाईल याचा नेम नाही, तेव्हा कंट्रोल-एसची सवय गॅस बंद करण्याच्या सवयीसारखी हाताला लागली पाहिजे. वीज गेलीच तरी हा प्रोग्रॅम पुन्हा उघडताना "मागचं काम परत आणू का?" असं विचारतो. तिथं घाईघाईनं "नको" दाबू नका म्हणजे झालं.

फोनच्या चित्रणाची आणखी एक खोड असते. सेकंदाला ३० चित्रं घेतो म्हणतो, पण उजेड कमी-जास्त झाला की तो आकडाही कमी-जास्त करतो. मग गाणं आणि ओठ हळूहळू एकमेकांपासून फारकत घेतात. अशा तुकड्यावर केडेनलाइव्ह स्वतःच हरकत घेतो आणि बदलून देऊ का विचारतो. तिथं होकार द्यावा. वेळ लागतो, पण पुढची डोकेदुखी टळते. संगणक जुना असेल आणि चित्र अडखळत चालत असेल, तर प्रोजेक्टच्या सेटिंगमध्ये 'प्रॉक्सी' चालू करा. तो कामापुरत्या हलक्या प्रती बनवतो, आपण त्यांच्यावर काम करायचं आणि शेवटी व्हिडीओ मात्र मूळ भारी चित्रणातून निघतो. रोजच्या वापराला स्टीलची भांडी, आणि पाहुणे आले की चांदीची.

आता गाण्याचं. सड्यावर वारा असा सुटतो की फोनमध्ये नुसतं घूं-घूं भरतं. त्यात मिरजोळ्याला विमानतळ जवळ, तटरक्षक दलाचं विमान आलं तर बोलायलाच नको. औद्योगिक वसाहतीतल्या ट्रकांची घरघर आहेच. म्हणून गाणं आधी बंद खोलीत म्हणून घ्यावं. दाराखिडक्यांवर गोधड्या टांगल्या की भिंतींचा घुमारा जातो, हा आमचा अनुभव. मग सड्यावर तेच गाणं स्पीकरवर लावायचं आणि मुलांनी त्याबरोबर म्हणायचं. प्रत्येक वेळी सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक जोरदार टाळी. टाळी दिसते त्या चित्रावर टाळीचा आवाज आणून बसवला, की जुळलं!

पाच फोनांचे पाच तुकडे हातानं जुळवायला कंटाळा येत असेल, तर मूळ गाण्यावर उजवी कळ दाबून 'सेट ऑडिओ रेफरन्स' म्हणा आणि बाकीच्या तुकड्यांवर 'अलाइन ऑडिओ टू रेफरन्स'. यंत्र आवाज ऐकून तुकडे आपले आपण जागेवर बसवतं. मुलांना ही जादूच वाटली. पण एका फोनवरचे ओठ गाण्याच्या किंचित पुढं धावत होते. का बरं? तो फोन लांबून, सड्याच्या पार कडेवरून चित्रण करत होता. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. फोन स्पीकरपासून ३५ मीटर दूर असेल तर आवाज त्याच्यापर्यंत सेकंदाचा दहावा हिस्सा उशिरा पोचतो, म्हणजे तीन चित्रं. यंत्र आवाजावर भरवसा ठेवतं, म्हणून चित्र तेवढं अलीकडं येतं. तुकडा तीन चित्रं उजवीकडे सरकवला आणि ओठ ताळ्यावर आले. विज्ञानाच्या सरांना हे सांगितलं, तर त्यांनी दुसऱ्या दिवशी त्यावरच तास घेतला.

कुठं कापायचं? ते ताल सांगतो. आमचं गाणं मिनिटाला शंभर मात्रांच्या लयीत होतं. एक मात्रा ०.६ सेकंदाची, म्हणजे १८ चित्रं. केरव्याचं आठ मात्रांचं आवर्तन ४.८ सेकंदांचं. समेवर कापलं की डोळ्याला कापलेलं जाणवतच नाही. पण दर समेला कापत सुटलं तर पट्टीनं आखल्यासारखं कंटाळवाणं होतं, म्हणून एखादं आवर्तन अख्खं सोडायचं, एखाद्यात दोनदा कापायचं. मृदंगाची थाप असते तिथं मृदंग दाखवायचा मोह होतो; त्यापेक्षा थाप ऐकू येत असताना नाचणाऱ्यांचे पाय दाखवले, तर जास्त रंगतं असं माझं मत पडलं. जाखडीत पायातल्या चाळाला केवढा मान असतो, ते आपल्या भागातल्या वाचक जाणतातच. आणि ते चित्र गरगर फिरवणं, चांदण्यांतून नवं चित्र उघडणं, पानासारखं उलटणं... प्रोग्रॅममध्ये असले पन्नास प्रकार असतात आणि मुलांना ते सगळे हवे असतात. मी एकच परवानगी दिली, एका गाण्यात एकदा. मसाल्याचा डबा समोर आहे म्हणून आमटीत सगळे मसाले घालायचे का?

हे झालं यंत्राचं. आता जे यंत्रात नसतं त्याबद्दल.

गाण्याचं ध्रुवपद ज्या मुलीनं म्हटलं, तिचा आवाज म्हणजे त्या गाण्याचा कणा. तिच्या घरी आजोबा जाखडी म्हणायचे, त्यामुळे चाल तिनंच आणलेली. चित्रण झालं, आणि कुणीतरी उत्साहानं तिचा एक फोटो गावाच्या ग्रुपवर टाकला. तिचे वडील मुंबईत नोकरीला. त्यांचा फोन आला, "गाऊ दे, पण तोंड नको दिसायला." तिची आई शाळेत आली आणि माझ्यासमोर पदराचं टोक गुंडाळत म्हणाली, "बाई, तेवढी काढून टाका ना हिला. कशाला वाद?"

काढून टाकायला काय, एक कळ पुरते. तिचे सगळे तुकडे निवडायचे आणि डिलीट. दोन सेकंदांचं काम. पण तिच्याशिवाय गाण्यात उरतं काय? वर्गात चर्चा झाली. एक मुलगा म्हणाला, दुसऱ्या मुलीला ओठ हलवायला सांगू, सिनेमात तसंच तर असतं. त्यावर ही इतका वेळ गप्प बसलेली मुलगी म्हणाली, "माझ्या आवाजाला हिचं तोंड नको." दुसऱ्यानं चेहरा धूसर करायची युक्ती काढली. प्रोग्रॅममध्ये तशी सोय आहे, चेहऱ्यामागं धावणारा ठिपका लावता येतो. करूनही बघितलं. तिनं बघितलं आणि मान हलवली. "बातम्यांतल्या चोरासारखं दिसतंय."

वडिलांचं म्हणणं मला सगळंच खोटं वाटत नाही, मैत्रिणींनो. एकदा बाहेर गेलेलं चित्र कुणाच्या फोनात जाऊन बसेल आणि त्याचं कोण काय करील, याची काळजी आपल्यालाही आहेच. परगावी राहणाऱ्या बापाला ती चौपट वाटत असणार. पण तशी काळजी वर्गातल्या मुलांबद्दल कुणीच व्यक्त केली नाही, हेही मी टिपून ठेवलं. एवढ्यावरून लेकीला गाण्यातून पुसायचं, हे मात्र मला पटेना.

शेवटी मुलांनीच वाट काढली. एका संध्याकाळी पुन्हा सड्यावर गेलो, तासभर. तिच्या हातातली झांज. तिचे पाय नि पायातला चाळ. सड्याकडे तोंड करून उभी राहिलेली ती, पाठमोरी, वेणी वाऱ्यावर. उतरत्या उन्हात कातळावर पडलेली तिची लांब सावली, ध्रुवपदाच्या प्रत्येक ओळीला हात वर करणारी. हे तुकडे ध्रुवपदावर बसवले आणि काय सांगू, जिथं आधी चारचौघांसारखा एक चेहरा होता, तिथं आता बघणारा कान टवकारून ऐकू लागला! ही गाणारी कोण, असा प्रश्न पडू लागला. संकलन म्हणतात ते हेच असावं, असं मला त्या दिवशी वाटून गेलं.

राहिलं नाव. चेहरा नाही तर नाव तरी घालायचं की नाही? हे आपल्या मनानं ठरवायचं नाही असं मी मुलांना सांगितलं, आणि तिच्या आईकरवी वडिलांना विचारलं. दोन दिवस उत्तर नव्हतं. तिसऱ्या दिवशी निरोप आला, "नाव घाला. आडनाव नको." मग मुलांनी आपसांत ठरवून कुणाचंच आडनाव घातलं नाही. नुसती नावं, आणि गाणारी म्हणून तिचं पहिलं. वडील गणपतीला येतील तेव्हा बघतील. त्यांना ते कसं वाटेल हे मी आज सांगू शकत नाही.

तुमच्याकडे असं काही करणार असतील तर एक काम आधी करा. चित्रणाच्या आदल्या दिवशी प्रत्येक घरातून लेखी संमती घ्या, आणि त्यात तीन प्रश्न वेगवेगळे विचारा: चेहरा चालेल का, नाव चालेल का, आणि व्हिडीओ शाळेबाहेर गेला तर चालेल का. एकाच 'संमती आहे'वर सही घेतली की पुढं घोळ होतो. आणखी एक करून बघण्यासारखं आहे. जोडून झाल्यावर वहीत प्रत्येक मुलाच्या नावापुढं तो किती सेकंद दिसतो ते लिहा. आमच्या पहिल्या जोडणीत ज्यांच्या फोनांवर चित्रण झालं होतं तीच पोरं सारखी दिसत होती आणि मागं टाळ धरून उभ्या राहिलेल्या तीन मुली एकूण चार सेकंद. आकडे वहीत आल्यावर कुणाला काही बोलावं लागलं नाही, फोनवाल्यांनी स्वतःच आपले तुकडे कमी केले.

नावांच्या पाट्या मराठीत घालताना टंक बघून घ्या. जुने कृतिदेवसारखे टंक इथं कामाचे नाहीत, युनिकोडच हवा. काही टंकांत जोडाक्षरं फुटतात, रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो. मुंबईच्या एक टाइप मंडळींनी केलेला 'मुक्त' हा टंक फुकट मिळतो आणि मराठी नावं त्यात सुरेख येतात. प्रत्येक मुलाला त्याचं नाव दाखवून घ्या. पोराचं नाव चुकलं तर आई वर्षभर विसरत नाही!

आणि गाणं कुणाचं, हाही प्रश्न आहेच. सिनेमातलं तयार गाणं घेऊन व्हिडीओ केला आणि शाळेच्या सभागृहात मुलं, पालक, शिक्षक यांच्यापुढं दाखवला, एवढ्यापुरती १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात शाळांना काही मुभा आहे. तो इंटरनेटवर चढवला की गोष्ट वेगळी होते. गीतकाराच्या शब्दांवरचा हक्क त्याच्या मृत्यूनंतरही साठ वर्षं टिकतो. आपल्याकडे जाखडीचे शाहीर स्वतः शब्द रचतात. चाल परंपरेची असली तरी शब्द त्यांचे असतात. त्यांना विचारावं, पाटीवर त्यांचं नाव घालावं. आमच्या मुलांनी शब्द आपले आपण रचले, त्यामुळे तो प्रश्न आला नाही. मात्रा जुळवताना मराठीचा बराच अभ्यास झाला, तो मला फायदा!

सगळं मनासारखं झालं की 'रेंडर' म्हणायचं आणि एमपी-फोर निवडायचं. जुन्या यंत्रावर चार मिनिटांच्या गाण्याला वीस-पंचवीस मिनिटं सहज लागतात. तेवढ्यात चहा करून घ्यावा, आणि यंत्राला दुसरं काम सांगू नये. निघालेला व्हिडीओ एकदा मोठ्या पडद्यावर, एकदा फोनवर आणि एकदा डोळे मिटून नुसता ऐकून तपासा. नुसता ऐकताना जिथं खटकेल, तिथं आवाजाचा जोड कच्चा राहिलेला असतो.

मग 'आर्काइव्ह प्रोजेक्ट' म्हणून एक सोय आहे, तिनं सगळं सामान एका फोल्डरात बांधून ठेवा. त्याची एक प्रत शाळेत, एक कुणाच्यातरी घरी. आणि फोनांतलं मूळ चित्रण संमेलनानंतर पंधरा दिवस तरी पुसू देऊ नका. कार्यक्रम संपला, खुर्च्या आवरल्या, की कुणाची ना कुणाची आजी येऊन विचारतेच, "काय गो बाय, आमचा नातू मधेच दिसला नि गेला कुठं?"